अपंगत्वामुळे जॉबसेंटरच्या मुलाखतीला जाता येत नाही: युनिव्हर्सल क्रेडिट घेणाऱ्यांचे हक्क – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहून युनिव्हर्सल क्रेडिट (काम नसलेल्यांना किंवा कमी उत्पन्न असलेल्यांना मिळणारा मासिक सरकारी लाभ) घेणाऱ्या अपंग आणि दीर्घ आजारी माणसांसाठी, आणि त्यांची कागदपत्रं सांभाळणाऱ्या घरच्यांसाठी ही माहिती आहे. कायद्याचे संदर्भ इंग्लंड, वेल्स आणि स्कॉटलंडचे आहेत. उत्तर आयर्लंडमध्ये नियम बरेचसे सारखे असले तरी कायदे आणि कार्यालयं वेगळी आहेत.

ही मुलाखत नेमकी कसली? नोकरीसाठी निवड होते का?

नाही. वर्क-फोकस्ड इंटरव्ह्यू म्हणजे जॉबसेंटरमधल्या (सरकारी रोजगार कार्यालयातल्या) वर्क कोचसोबतची, म्हणजे तुमचं प्रकरण पाहणाऱ्या कर्मचाऱ्यासोबतची भेट. तुमची तब्येत, शिक्षण, आधीचं काम, पुढे काय करता येईल यावर ती बोलणी असतात. वेल्फेअर रिफॉर्म अ‍ॅक्ट २०१२ च्या कलम १५ मध्ये तिची तरतूद आहे. त्याच कलमात एक वाक्य आहे, ते लक्षात ठेवा: ही मुलाखत कशी, केव्हा आणि कुठे घ्यायची हे खातं, म्हणजे डिपार्टमेंट फॉर वर्क अँड पेन्शन्स (डीडब्ल्यूपी), ठरवतं. याचा अर्थ असा की ती जॉबसेंटरच्या टेबलापाशीच झाली पाहिजे असं कायदा म्हणत नाही. फोनवर झाली तरी ती मुलाखतच, व्हिडिओवर झाली तरी मुलाखतच, घरी येऊन घेतली तरी मुलाखतच. ‘मला येता येत नाही’ आणि ‘मला मुलाखत द्यायची नाही’ यांतला फरक खात्याला पहिल्याच संदेशात दिसला पाहिजे.

मला ती देणं बंधनकारक आहे का?

तुमचा गट कोणता यावर ते ठरतं.

कामाच्या क्षमतेची तपासणी, म्हणजे वर्क केपेबिलिटी असेसमेंट, होऊन तुम्हाला ‘काम आणि कामाची तयारी दोन्हींसाठी मर्यादित क्षमता’ या गटात ठेवलं असेल (कागदांवर या गटाला एलसीडब्ल्यूआरए म्हणतात), तर तुमच्यावर कामासंबंधी कोणतीही सक्ती नाही. त्याच कायद्याचं कलम १९ तसं सांगतं. वर्क कोच भेटीला बोलावू शकतो, गप्पा मारू शकतो, पण गेला नाहीत म्हणून पैसे कापता येत नाहीत.

‘फक्त कामासाठी मर्यादित क्षमता’ म्हणजे एलसीडब्ल्यू गटात असाल तर नोकरी शोधण्याची सक्ती नसते, पण मुलाखती आणि कामाची तयारी यांची असते. सर्वांत जास्त गोंधळ याच गटात होतो. ‘मला आजारी मानलंय’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं आणि मुलाखतीचा संदेश दुर्लक्षित होतो.

तपासणी अजून व्हायची असेल तर सगळ्या अटी लागू असू शकतात. मात्र त्या तब्येतीप्रमाणे सैल करण्याचा अधिकार वर्क कोचला आहे. तो अधिकार वापरावा यासाठी लेखी विनंती करा. मागितल्याशिवाय तो क्वचितच वापरला जातो.

आपला गट कोणता हे निर्णयाच्या पत्रात आणि ऑनलाइन जर्नलमध्ये, म्हणजे दाव्याच्या वेबसाइटवरच्या संदेशांच्या पानावर, लिहिलेलं असतं. खात्री नसेल तर जर्नलमध्ये सरळ विचारा: ‘माझ्यावर सध्या कामासंबंधी कोणत्या अटी आहेत, ते लेखी कळवा.’

मला पिप मिळतं. मग मुलाखतीतून सूट आपोआप मिळते ना?

मिळत नाही. पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट (पिप) हा वेगळा लाभ आहे. तो अपंगत्वामुळे होणाऱ्या जास्तीच्या खर्चासाठी असतो आणि नोकरी करणाऱ्यालाही मिळतो. स्कॉटलंडमध्ये त्याच्या जागी अ‍ॅडल्ट डिसॅबिलिटी पेमेंट आहे. या दोन्हींना कामाच्या मुलाखती नाहीत आणि युनिव्हर्सल क्रेडिटमधली कपात त्यांना हातही लावू शकत नाही. पण पिपचं पत्र पुरावा म्हणून फार कामाचं असतं. ‘अनोळखी ठिकाणी एकट्याने जाता येत नाही’ यासाठी तुम्हाला गुण मिळाले असतील, तर ते पान मुलाखतीची जागा बदलून मागताना जोडाच.

जीपीची (फॅमिली डॉक्टरची) फिट नोट, म्हणजे आजारपणाचा दाखला, दिली आहे. आता जायला नको ना?

फिट नोटमुळे काम शोधण्याची अट सैल होऊ शकते, मुलाखत आपोआप रद्द होत नाही. नियमांप्रमाणे सलग १४ दिवसांपर्यंतच्या आजारपणात, आणि १२ महिन्यांत अशी दोनच आजारपणं धरून, नोकरी शोधण्याची सक्ती करता येत नाही. पहिले ७ दिवस तुम्ही स्वतः लिहून द्यायचे, पुढे फिट नोट लागते. १ जुलै २०२२ पासून ती परिचारिका, फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि फार्मासिस्टही देऊ शकतात, त्यामुळे जीपीची वेळ मिळत नाही म्हणून अडून राहू नका.

आजार लांबला तर साधारण २९व्या दिवसापासून क्षमतेच्या तपासणीसाठी नाव पुढे जायला हवं. ते जात नाही असं पुष्कळदा होतं. कारण साधं असतं: एक फिट नोट संपते, दुसरी चार दिवस उशिरा नोंदवली जाते आणि मध्ये खंड पडतो. म्हणून आधीची संपण्यापूर्वी पुढची घ्या आणि जर्नलमध्ये नोंदवा.

पुढच्या आठवड्यात मुलाखत आहे आणि मला जाता येणार नाही हे आत्ताच दिसतंय. काय करू?

आजच लिहा. उद्या बरं वाटेल म्हणून थांबू नका.

संदेश जर्नलमध्ये टाका, कारण तिथे तारीख आणि वेळ आपोआप पडते. जर्नल वापरता येत नसेल तर युनिव्हर्सल क्रेडिटच्या ०८०० ३२८ ५६४४ या मोफत क्रमांकावर फोन करा, बोलणाऱ्याचं नाव, तारीख, वेळ लिहून ठेवा आणि ‘हे माझ्या जर्नलमध्ये नोंदवा’ असं सांगा. ऐकू येत नसेल किंवा बोलता येत नसेल तर क्रमांकाच्या आधी १८००१ लावून रिले यूकेमार्फत बोलता येतं. ब्रिटिश साइन लँग्वेजसाठी व्हिडिओ रिलेची सोय आहे.

संदेशात चार गोष्टी हव्यात. कोणत्या तारखेची मुलाखत. कोणत्या अपंगत्वामुळे किंवा आजारामुळे काय करता येत नाही. त्याऐवजी काय करता येईल. आणि ही मागणी इक्वालिटी अ‍ॅक्ट २०१० खालची वाजवी तजवीज, म्हणजे रीझनेबल अ‍ॅडजस्टमेंट, म्हणून करत आहात हे स्पष्ट वाक्य. नमुना असा:

‘माझी १४ तारखेची सकाळी ९:३० ची भेट आहे. मला संधिवात आहे. सकाळी उठल्यावर साधारण तीन तास हातपाय आखडलेले असतात, कपडे घालायलाही मदत लागते. बसथांब्यापर्यंत चालणं शक्य होत नाही. दुपारी २ नंतर फोनवर मी अर्धा तास बोलू शकते. इक्वालिटी अ‍ॅक्ट २०१० खालची वाजवी तजवीज म्हणून ही भेट दुपारी फोनवर घ्यावी आणि पुढच्या सगळ्या भेटींसाठी तशी नोंद करावी. कृपया १४ तारखेच्या आत लेखी उत्तर द्या.’

आजाराचं नाव एकटं पुरत नाही. ‘मला डिप्रेशन आहे’ वाचून समोरच्याला काहीच ठरवता येत नाही. ‘घराबाहेर पडायची वेळ आली की पॅनिक अटॅक येतो, गेल्या महिन्यात दोनदा अर्ध्या रस्त्यातून परत आलो’ हे वाचून ठरवता येतं. अपस्मार असेल तर झटक्यांनंतर शुद्धीवर यायला किती वेळ लागतो ते लिहा. दीर्घ थकव्याचा आजार असेल तर एका बाहेरच्या फेरीनंतर किती दिवस अंथरुणात जातात ते लिहा.

उत्तर आलं नाही तर? मुलाखत रद्द झाली असं धरू नका. आदल्या दिवशी पुन्हा लिहा, फोन करा, आणि ठरलेल्या वेळी फोन जवळ ठेवून तयार राहा.

कोणकोणत्या तजविजी मागता येतात?

लोकांना वाटतं त्यापेक्षा पुष्कळ. फोनवर किंवा व्हिडिओवर मुलाखत, दुपारची वेळ, कमी वेळाची किंवा मधे विश्रांती असलेली मुलाखत, बंद खोली (जॉबसेंटरचा मोकळा हॉल अनेक ऑटिस्टिक माणसांना सोसत नाही), दर वेळी तोच वर्क कोच, प्रश्न आधी लेखी मिळणं, मोठ्या अक्षरातली किंवा ब्रेलमधली पत्रं, साइन लँग्वेजचा दुभाषी, भेटीच्या आदल्या दिवशी आठवणीचा फोन, दोन भेटींमधलं अंतर वाढवणं. फोनवर बोलताच येत नसेल तर उलटी मागणीही करता येते: फोन नको, प्रत्यक्ष किंवा जर्नलमधून लेखी. खात्याचे अधिकारी घरी येऊन भेट घेऊ शकतात. ती सोय सर्रास दिली जात नाही, म्हणून घराबाहेर पडणं का शक्य नाही याचा पुरावा सोबत द्या.

भेटीला सोबत कुणाला तरी नेता येतं. मित्र, शेजारी, संस्थेचा कार्यकर्ता, कुणीही.

तजवीज मंजूर झाली की ती तुमच्या दाव्याच्या नोंदीत कायम लिहिली आहे का ते विचारा. वर्क कोच बदलतो, नवा माणूस जुने संदेश वाचत नाही आणि पुन्हा सकाळी साडेनऊची तारीख पडते. हे इतक्या नियमाने घडतं की प्रत्येक नव्या वर्क कोचला पहिल्याच दिवशी जुना मंजुरीचा संदेश चिकटवून पाठवणं हाच सुरक्षित मार्ग.

वर्क कोच म्हणतो, ‘सगळ्यांना यावंच लागतं, आमचं धोरण आहे.’

सगळ्यांना लागू असलेलं धोरण एखाद्या अपंग माणसाला इतरांपेक्षा बरंच जास्त अडचणीत टाकत असेल, तर ते बदलण्याचं कर्तव्य इक्वालिटी अ‍ॅक्टच्या कलम २० आणि २९ नुसार खात्यावर आहे. कलम १४९ सरकारी संस्थांना अपंगांच्या गरजांचा विचार आधीच करायला लावतं. त्यामुळे ‘धोरण आहे’ हे उत्तर पुरेसं नाही.

याला न्यायालयाचा आधारही आहे. डिसेंबर २०१३ मध्ये इंग्लंडच्या कोर्ट ऑफ अपीलने दोन मनोरुग्ण अर्जदारांच्या खटल्यात मान्य केलं की क्षमतेच्या तपासणीची पद्धत मानसिक आजार असलेल्यांना ठळकपणे गैरसोयीत टाकते. तो खटला मुलाखतीचा नव्हता, तपासणीचा होता, पण लाभ देणाऱ्या खात्याला हे कर्तव्य लागू आहे याबद्दल त्यानंतर शंका उरत नाही.

वर्क कोचशी वाद घालत बसू नका. ‘तजवीज नाकारण्याचं कारण लेखी द्या आणि हा विषय टीम लीडरकडे पाठवा’ एवढं जर्नलमध्ये लिहा. पुढे अपील करायची वेळ आली तर हाच संदेश सगळ्यांत मोलाचा ठरतो.

मुलाखत चुकली. आता?

त्याच दिवशी संपर्क करा. दवाखान्यात असाल तर जमेल त्या पहिल्या दिवशी. दोन गोष्टी एकाच संदेशात हव्यात: का चुकली, आणि नवी तारीख द्या. नवी तारीख मागणं विसरू नका. कपात झालीच तर तिचे दिवस तुम्ही अट पूर्ण करेपर्यंत मोजले जातात, म्हणून उशिराच्या प्रत्येक दिवसाचे पैसे जातात.

जर्नलमध्ये ‘तुम्ही का आला नाहीत’ असा प्रश्न मुदतीसह येईल. त्याला उत्तर द्याच, आधी सगळं सांगितलं असलं तरी. निर्णय तुमचा वर्क कोच घेत नाही. प्रकरण डिसिजन मेकरकडे, म्हणजे खात्याच्या निर्णय अधिकाऱ्याकडे, जातं. तो तुम्हाला कधी भेटलेला नसतो आणि समोर आलेले कागदच वाचतो. कागदावर नाही ते त्याच्यासाठी घडलेलंच नाही.

सबळ कारण कशाला म्हणतात?

‘गुड रीझन’ची व्याख्या कायद्यात दिलेली नाही, आणि ही गोष्ट तुमच्या बाजूची आहे. यादीत नाही म्हणून कारण फेटाळता येत नाही. तुमची सगळी परिस्थिती पाहून, त्या दिवशी न जाणं वाजवी होतं का हे ठरवायचं असतं. खात्याच्या निर्णय अधिकाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेतही शारीरिक आणि मानसिक आजार, अपंगत्व, घरगुती हिंसाचार, बेघरपणा, दुसऱ्याची काळजी घेण्याची जबाबदारी यांचा विचार करायला सांगितलं आहे.

बहुतेक प्रकरणं फसतात ती एका ठरावीक जागी. माणूस आजार सिद्ध करतो, पण ‘त्या दिवशी, त्या वेळी तुम्ही का गेला नाहीत, आणि कळवलं का नाहीत’ याचं उत्तर देत नाही. दोन्ही प्रश्न वेगळे आहेत. न कळवण्याचं कारणही आजारातच असू शकतं: तीव्र नैराश्यात फोन उचलणं, पत्र उघडणं, जर्नल पाहणं अशक्य होतं, स्मृती मंदावते, औषध बदललं की दिवस झोपेत जातो. तसं असेल तर तसं लिहा.

पुराव्यासाठी जीपीच्या पत्रावरच अवलंबून राहू नका. त्याचे पैसे लागू शकतात आणि ते महिनाभर लांबू शकतं. रुग्णालयाचं डिस्चार्ज पत्र, औषधांची यादी, तज्ज्ञांच्या भेटीचं पत्र, एनएचएस अ‍ॅपमधल्या नोंदी, पिपचा निर्णय, सोशल वर्करची ई-मेल, घरच्या माणसाने पाहिलेलं सांगणारं सही-तारखेचं निवेदन, हे सगळं चालतं. त्या तारखेचा काहीच कागद नसेल तरी तुमचं स्वतःचं सविस्तर, सुसंगत म्हणणं हाही पुरावा आहे.

फोनवर मुलाखत होती, पण फोन आलाच नाही.

ठरलेली वेळ आणि पुढची पंधरा-वीस मिनिटं संपली की लगेच जर्नलमध्ये लिहा: ‘१०:०० ला फोन येणार होता, १०:२० पर्यंत आला नाही, मी वाट पाहत आहे.’ मोबाइलच्या कॉल यादीचा फोटो काढून ठेवा. खात्याचे फोन अनेकदा क्रमांक न दाखवता येतात. अनोळखी क्रमांक अडवणारी सेटिंग चालू असेल तर तो वाजतच नाही आणि नोंद मात्र ‘उचलला नाही’ अशी होते. मुलाखतीच्या दिवशी ती सेटिंग बंद ठेवा.

सूचनाच मिळाली नसेल तर तो वेगळा आणि भक्कम मुद्दा आहे. अट नीट कळवलेली नसेल तर ती मोडल्याचा ठपका टिकत नाही. दृष्टिहीन माणसाला साधी छापील पत्रं पाठवली, किंवा ज्याला ऑनलाइन जमत नाही हे नोंदवलेलं आहे त्याला जर्नलमध्येच सूचना टाकली, तर ‘मला समजेल अशा पद्धतीने कळवलं नाही’ असं ठासून मांडा.

किती पैसे कापतात?

एलसीडब्ल्यू गटातल्या किंवा सगळ्या अटी लागू असलेल्या माणसाने मुलाखत चुकवली तर कमी पातळीची कपात, म्हणजे लो-लेव्हल सँक्शन लागतं. त्याचे दोन भाग असतात. पहिला उघडा: चुकलेल्या दिवसापासून अट पूर्ण करण्याच्या आदल्या दिवसापर्यंत. दुसरा ठरलेला: पहिल्या वेळी ७ दिवस, वर्षाच्या आत पुन्हा तसंच झालं तर १४, आणि त्यानंतर २८.

उदाहरण घेऊ. २०२५-२६ मध्ये २५ किंवा जास्त वयाच्या एकट्या माणसाचा मूळ भत्ता महिना ४००.१४ पाउंड होता. त्याचा रोजचा कपातीचा दर १३.१० पाउंड. मुलाखत ३ तारखेला चुकली आणि १३ तारखेला पूर्ण झाली, तर १० अधिक ७ असे १७ दिवस, म्हणजे २२२.७० पाउंड. तीच ४ तारखेला झाली असती तर ८ दिवस, १०४.८० पाउंड. नवी तारीख लगेच मागा असं का म्हटलं ते या दोन आकड्यांत आहे. अट पूर्ण झाली असं खातं कशाला म्हणेल, फोन केल्याला की मुलाखत दिल्याला, हेही लेखी विचारून घ्या. खातंच तारीख उशिरा देत असेल तर तो उशीर तुमच्या नावावर पडू देऊ नका.

कपात होते ती फक्त मूळ भत्त्यातून. घरभाड्याचा भाग, मुलांचा भाग, आजाराचा जास्तीचा भाग यांना ती लागत नाही. मात्र रक्कम एकत्रच बँकेत येत असल्याने भाडं चुकतं ही खरी भीती आहे. घरमालकाला किंवा कौन्सिलला आधीच कळवा.

कपात चालू असताना तुम्ही एलसीडब्ल्यूआरए गटात गेलात, तर कपातीचा दर शून्य होतो. हे आपोआप झालं का ते पुढच्या हिशोबात तपासा.

घरात खायला नाही. काही सोय आहे?

हार्डशिप पेमेंट मागता येतं. ते साधारण कापलेल्या रकमेच्या ६० टक्के असतं, पण नंतर युनिव्हर्सल क्रेडिटमधूनच वळतं होतं, म्हणून ते कर्ज समजा. वय १८ किंवा जास्त हवं, त्याआधीच्या ७ दिवसांत लागू असलेल्या अटी पाळलेल्या हव्यात, आणि अन्न, उष्णता, निवारा, स्वच्छता अशा मूलभूत गरजा भागत नाहीत हे दाखवावं लागतं. एकदा मिळालं म्हणून पुढच्या महिन्यात आपोआप येत नाही. दर महिन्याच्या हिशोबाच्या काळात नव्याने अर्ज. कौन्सिलचा कल्याण निधी आणि फूड बँक या वाटा त्याहून वेगळ्या आहेत, आणि त्यांचे पैसे परत द्यावे लागत नाहीत.

कपात झाली. दाद कुठे मागायची?

आधी मँडेटरी रीकन्सिडरेशन, म्हणजे खात्यालाच निर्णय पुन्हा तपासायला लावणं. निर्णयाच्या तारखेपासून एक महिन्यात मागा. सबळ कारण असेल तर १३ महिन्यांपर्यंत उशीर माफ होऊ शकतो, आणि कपातीच्या निर्णयांना तर आणखी एक सवलत आहे: ते केव्हाही पुन्हा तपासता येतात. दोन वर्षांपूर्वीच्या कपातीबद्दल ‘आता काय उपयोग’ म्हणून सोडून देऊ नका.

विनंती जर्नलमध्ये, पत्राने किंवा फोनवर करता येते. लेखीच करा. खात्याचं उत्तर, म्हणजे मँडेटरी रीकन्सिडरेशन नोटीस, कधी यावं याला कायद्यात मुदत नाही, त्यामुळे दर दोन आठवड्यांनी विचारत राहा.

ते उत्तर विरोधात गेलं तर नोटिशीच्या तारखेपासून एक महिन्यात ट्रायब्युनलकडे, म्हणजे खात्यापासून स्वतंत्र न्यायाधिकरणाकडे, अपील करा. एसएससीएस१ अर्जावर किंवा ऑनलाइन. फी नाही. सुनावणी प्रत्यक्ष, फोनवर किंवा व्हिडिओवर मागता येते, दुभाषी मोफत मिळतो, प्रवासखर्च परत मिळतो. ‘कागदांवरच निर्णय द्या’ हा पर्याय शक्यतो टाळा. अदृश्य आजारांमध्ये न्यायाधीशांनी तुमचा आवाज ऐकणं फार फरक पाडतं, आणि ज्या डिसिजन मेकरने तुम्हाला पाहिलं नव्हतं त्याच्या निर्णयाची ही पहिली खरी उलटतपासणी असते.

अपिलाआधी खात्याकडून स्वतःच्या नोंदी मागवा. डेटा संरक्षण कायद्याखाली सब्जेक्ट अ‍ॅक्सेस रिक्वेस्ट केली की साधारण महिन्यात त्या मिळायला हव्यात. फोनच्या नोंदी आणि वर्क कोचची टिपणं त्यात असतात. शिवाय जर्नलचे स्क्रीनशॉट वेळच्या वेळी काढा, कारण दावा बंद झाल्यावर ते उघडेलच याची खात्री धरू नये.

कामाच्या क्षमतेची वैद्यकीय तपासणी चुकली तर तेच नियम लागतात का?

नाही, आणि तिथे धोका मोठा आहे. तपासणीला सबळ कारणाशिवाय गेला नाहीत तर थोडे दिवस कपात होत नाही, तुमची काम करण्याची क्षमता पूर्ण आहे असं धरलं जातं आणि आजाराचा सगळा दर्जाच जातो. बचावाचे मुद्दे दोन: सबळ कारण, आणि किमान ७ दिवस आधी सूचना मिळाली होती का. कमी दिवसांची सूचना तुम्ही मान्य केली नसेल तर हा निर्णय टिकू नये. तपासणीआधीचा यूसी५० अर्ज (तब्येतीची प्रश्नावली) ४ आठवड्यांत परत करायचा असतो. घरी किंवा फोनवर तपासणीची मागणी त्या अर्जातच लिहा.

आयुष्य १२ महिन्यांपेक्षा कमी असण्याची शक्यता डॉक्टरांनी सांगितली असेल तर एसआर१ अर्ज भरून घ्या. मुलाखती आणि तपासणी दोन्ही टळतात. केमोथेरपी किंवा रेडिओथेरपी चालू असेल, व्हायची असेल किंवा तिच्यातून सावरत असाल तर तेही लगेच कळवा.

आईच्या वतीने मी बोलू शकतो का?

दोन मार्ग आहेत. आईने जर्नलमध्ये किंवा फोनवर स्पष्ट संमती द्यायची: कोण बोलेल, कोणत्या विषयावर, कशासाठी. ही संमती त्या कामापुरतीच असते, म्हणून प्रत्येक नव्या विषयाला पुन्हा लिहावं लागतं. आईला व्यवहार समजणंच शक्य नसेल, उदाहरणार्थ स्मृतिभ्रंश किंवा गंभीर बौद्धिक अपंगत्वामुळे, तर तुम्ही अपॉइंटी, म्हणजे तिच्या वतीने लाभ सांभाळणारी अधिकृत व्यक्ती, होण्यासाठी अर्ज करा. मग दाव्याची सगळी जबाबदारी तुमची होते, आणि चुकून जास्त आलेल्या पैशांची जबाबदारीही तुमच्यावर येऊ शकते.

घरी कुणी आठवड्याला किमान ३५ तास गंभीर अपंग माणसाची काळजी घेत असेल, तर त्या काळजी घेणाऱ्यावरही कामाच्या अटी नसाव्यात. ही सूट पुष्कळ घरांत मागितलीच जात नाही.

इंग्रजी नीट येत नाही. मराठीत मुलाखत होईल?

खातं मोफत दुभाषी देतं, बहुधा फोनवरून. भाषा ‘मराठी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर भारतीय म्हणून हिंदीचा दुभाषी लावला जातो आणि आजाराचं बारीक वर्णन त्यात हरवतं. गोव्याच्या लोकांनी कोकणी हवी की मराठी तेही सांगावं. शाळकरी मुलाला मध्ये बसवू नका. आईवडिलांच्या मानसिक आजाराचं भाषांतर त्याच्या तोंडी येऊ नये.

माझा व्हिसा चालतो का?

स्किल्ड वर्कर, विद्यार्थी आणि ग्रॅज्युएट व्हिसांवर सहसा ‘नो रिकोर्स टु पब्लिक फंड्स’ (सरकारी लाभ घेता येणार नाहीत) अशी अट असते आणि युनिव्हर्सल क्रेडिट मागता येत नाही. चुकून घेतलं तर व्हिसालाच धोका, म्हणून आधी इमिग्रेशनच्या सल्लागाराला विचारा. कायम वास्तव्याची परवानगी किंवा ब्रिटिश नागरिकत्व असेल तर अडचण नसते, फक्त ब्रिटनमध्ये खरोखर राहता हे दाखवावं लागू शकतं. पोर्तुगीज पासपोर्टवर आलेल्या गोवेकरांपैकी ज्यांना सेटल्ड स्टेटस (ब्रेक्झिटनंतर युरोपीय नागरिकांना मिळणारी कायम वास्तव्याची परवानगी) आहे त्यांना हक्क मिळतो. प्री-सेटल्ड, म्हणजे मुदतीची परवानगी, असेल तर तेवढं सहसा पुरत नाही, कामगार म्हणून किंवा अशा कामगाराचे कुटुंबीय म्हणून राहण्याचा हक्कही दाखवावा लागतो. आजारपणामुळे तात्पुरतं काम सुटलं तरी कामगाराचा दर्जा टिकू शकतो, हे विसरू नका.

तजवीज नाकारली म्हणून खात्यावर दावा करता येतो?

येतो. पण हा रस्ता अपिलाहून वेगळा आहे. अपिलात कापलेले पैसे परत मिळतात, भेदभावाची भरपाई मिळत नाही. भरपाईसाठी इंग्लंड-वेल्समध्ये काउंटी कोर्ट, स्कॉटलंडमध्ये शेरिफ कोर्ट. उत्तर आयर्लंडमध्ये इक्वालिटी अ‍ॅक्ट लागू नाही, तिथे डिसॅबिलिटी डिस्क्रिमिनेशन अ‍ॅक्ट १९९५ चालतो. आधी खात्याकडे तक्रार करावी. तिथलं अंतिम उत्तर मिळाल्यापासून सहा महिन्यांत इंडिपेंडंट केस एक्झामिनरकडे (खात्याविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या अधिकाऱ्याकडे) आणि त्यानंतर खासदारामार्फत पार्लमेंटरी ऑम्बुड्समनकडे (संसदेच्या लोकपालाकडे) जाता येतं.

कोर्टाची मुदत मात्र तक्रारीसाठी थांबत नाही. ती घटनेपासून सहा महिन्यांत एक दिवस कमी अशी मोजतात, आणि तक्रारीच्या उत्तराची वाट पाहण्यात ती निघून जाते. म्हणून नकाराचा संदेश आला की त्याच आठवड्यात इक्वालिटी अ‍ॅडव्हायझरी अँड सपोर्ट सर्व्हिसला ०८०८ ८०० ००८२ वर फोन करा किंवा जवळच्या लॉ सेंटरची (कायदेशीर सल्ला केंद्राची) वेळ घ्या. इंग्लंड-वेल्समध्ये भेदभावाच्या प्रकरणांना कायदेशीर मदत, म्हणजे लीगल एड, मिळू शकते. लाभांच्या पहिल्या अपिलाला ती सहसा मिळत नाही. त्यामुळे सल्लागाराशी बोलताना ‘माझे पैसे कापले’ इथपासून सुरुवात न करता ‘अपंगत्वासाठीची तजवीज नाकारली’ इथपासून करा.